मायकलचा आवाज आणि माझे कान

गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं मी अंधेरीत डबिंगच्या स्टुडिओत आवाज कापतो, जोडतो, ताणतो. धंद्याला लागण्याच्या आधीपासून मायकल जॅक्सनचा भक्त आहे. त्यामुळे त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या गाण्यांवरून ‘हा तोच की दुसरा कोणी’ असं रण पेटलं, तेव्हा आपल्याइतका लायक पंच सापडणार नाही असं मला मनापासून वाटलं होतं. बारा वर्षं तो वाद चालला. त्यात मी एकदा तोंडावर पडलो, एकदा भाच्याशी अबोला धरला आणि माझंच एक जुनं पाप मला दिसलं. त्यातून जे हाती लागलं ते नंबर घालून लिहितो. नंबर सोयीसाठी आहेत, त्यांत मोठं-धाकटं काही नाही.

१. ‘मी प्रत्यक्ष ऐकलाय’ हे वाक्य भांडणात काढू नये.

१ नोव्हेंबर १९९६. अंधेरीचं क्रीडा संकुल. शिवउद्योग सेनेसाठी केलेला मायकलचा तो कार्यक्रम. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने त्याला ओवाळलं, तो ‘मातोश्री’वर जाऊन आला, या कथा आमच्या पिढीला पाठ आहेत. (त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराचा घोळ २०२१ पर्यंत सरकारदरबारी रेंगाळत होता, ही आणखी एक गंमत.) मी मागच्या बाजूला, चिखलात पाय रोवून उभा होतो. पुढची चौदा वर्षं कुठेही विषय निघाला की माझं ठरलेलं, ‘आम्ही प्रत्यक्ष ऐकलाय हो, आम्हाला नका सांगू.’

पुढे आवाजाच्याच धंद्यात पडल्यावर कळलं की त्या वेळच्या ‘हिस्टरी’ दौऱ्यात बरीचशी गाणी तो आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओठ हलवून करत असे. नाच अस्सल, घाम अस्सल, आवाज बहुतांशी टेपवरचा. म्हणजे मी ज्याची फुशारकी मारत होतो ते मोठ्या भोंग्यातून ऐकलेलं रेकॉर्डिंगच होतं. हे मी घरात कुणाला बरीच वर्षं सांगितलं नाही.

२. पाकिटावरचं नाव आधी वाचलं की कान वकिलीला लागतात.

जॅक्सन गेला २५ जून २००९ ला, पन्नाशीत. पुढच्या वर्षी ‘मायकल’ नावाचा अल्बम येणार म्हणून जाहीर झालं आणि ८ नोव्हेंबर २०१० ला त्यातलं ‘ब्रेकिंग न्यूज’ हे गाणं नेटवर ऐकायला ठेवलं गेलं. दिवाळी नुकतीच आटपली होती. बहीण डोंबिवलीहून उरलेल्या चकल्यांचा डबा घेऊन आलेली, सोबत तिचा सोळा वर्षांचा मुलगा. मी त्याला स्टुडिओतून आणलेले चांगले हेडफोन लावून दिले. माझ्या मते मी त्याला मेजवानी देत होतो.

सुरुवातीला बातम्यांचे तुकडे येतात, मग गाणं सुरू होतं. पहिलं कडवंही झालं नसेल, पोराने हेडफोन मानेवर ओढला.

“मामा, हा मायकल नाहीये.”

“अरे, सोनी कंपनी छापतेय. तुला काय कळतं?”

“शेवटचा सूर बघ ना कसा थरथरतोय. शेळीसारखा.”

मी हसलो. मग त्याला अर्धा तास शिकवणी दिली. ही गाणी २००७ साली न्यू जर्सीत, कॅसिओ नावाच्या मित्रांच्या घरी, तळघरातल्या छोट्या स्टुडिओत गायलेली आहेत असं सांगतात. माणूस थकलेला, माइक घरगुती, नंतर निर्मात्यांनी आवाजावर प्रक्रिया केलेली, म्हणून वेगळा वाटतो. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एवढं समजावून सांगायला लागतंय, म्हणजे काहीतरी आहेच ना.” मला राग आला. चकली खाताना आम्ही बोललो नाही, आणि मग संक्रांतीपर्यंत बोललो नाही.

आज विचार करतो तेव्हा दिसतं ते असं. त्याने गाणं ऐकलं होतं आणि मी गाण्याला सबबी पुरवल्या होत्या. मला तो मायकल हवा होता.

३. यंत्राने दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण आमचं पोट यावर चालतं.

सूर दुरुस्त करायची जी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांत मेलोडाइन नावाचं एक आहे. त्यात गायलेला प्रत्येक सूर पडद्यावर एका गुठळीसारखा दिसतो आणि त्या गुठळीतून जाणारी बारीक नागमोडी रेघ म्हणजे आवाजातला कंप. ती रेघ माउसने धरून सरळ करता येते, तीव्र करता येते, गुठळी वर-खाली सरकवता येते. तेव्हा ‘कंप वेगळा आहे, म्हणजे माणूस वेगळा’ हे म्हणणं पक्कं नाही. पण याच न्यायाने ‘प्रक्रिया केली म्हणून वेगळा वाटतो’ हेही पक्कं नाही, कारण वेगळ्या माणसाचा आवाज या माणसाच्या जवळ आणायलाही तीच प्रक्रिया चालते. हत्यार एकच, काम उलटसुलट.

मग ओळखायचं कशावरून? माझा अनुभव असा की सुरापेक्षा सुराच्या कडा बघाव्यात. शब्द सुरू होण्याआधी माणूस श्वास कसा ओढतो, शब्दाच्या शेवटचं व्यंजन चावतो की सोडून देतो, ओळ संपल्यावर तोंड माइकपासून कधी दूर नेतो. याला लकब म्हणतात आणि लकब सहसा कोणी दुरुस्त करायला जात नाही. जॅक्सनच्या बाबतीत आणखी एक होतं. त्याचा जुना ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन त्याला लाकडी फळीच्या मंचावर उभा करून गाऊन घ्यायचा. जॅक्सन गाताना पाय आपटायचा, चुटक्या वाजवायचा, आणि स्वीडीन ते आवाज पुसत नसे. अस्सल मायकल म्हणजे नुसता गळा नव्हे, गळ्याखालचं सगळं हलणारं शरीर त्यात ऐकू येतं.

मी पुन्हा हेडफोन लावले ते जानेवारीत, भाच्याला फोन करायचा धीर गोळा करत. अल्बममध्ये कॅसिओंकडची तीन गाणी आहेत, ‘ब्रेकिंग न्यूज’, ‘मॉन्स्टर’ आणि ‘कीप युवर हेड अप’. बाकीची सात दुसरीकडची. मी क्रम सोडून ऐकत गेलो, या गटातलं एक, त्या गटातलं एक. सातांत मला पाय ऐकू आले. तिघांत आले नाहीत. जे ‘हीही’, जे हुंकार, जे श्वास होते, ते जुन्या गाण्यांतून कापून चिकटवल्याचा चाहत्यांचा आरोप होता, आणि चिकटवलेला श्वास मला ओळखू येतो. का येतो, ते पुढच्या मुद्द्यात.

अर्थात दुसऱ्या बाजूला कोण होतं हेही सांगायला हवं. जॅक्सनच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्यांच्या वकिलांनी तेव्हाच जाहीर केलं होतं की त्याच्याबरोबर काम केलेल्या सहा जणांना नुसता गळा ऐकवला आणि सगळ्यांनी तो मायकलचाच म्हटलं. त्या सहांत खुद्द स्वीडीन होता. ज्याने पायाखाली फळी घातली तो माणूस हो म्हणतोय आणि डोंबिवलीचं पोर नाही म्हणतंय. पुढे चाहत्यांच्या बाजूने एका ध्वनितज्ज्ञाचा अहवाल आला, त्यात हा आवाज बहुधा जॅक्सनचा नाही असा निष्कर्ष होता. तज्ज्ञाला तज्ज्ञ भिडला की सामान्य माणूस शेवटी आपल्या मर्जीचा तज्ज्ञ निवडतो. मीही तेच केलं, फक्त उशिरा केलं.

४. बनावट आवाज कसा बनतो ते मला माहीत आहे, कारण मी बनवलाय.

बरीच वर्षं झाली. दुसऱ्या भाषेतली एक मालिका आम्ही मराठीत डब करत होतो. त्यात घरातल्या आजोबांना आवाज देणारे कलाकार रंगभूमीवर मुरलेले होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. खर्जातला आवाज, आणि वाक्य संपवताना किंचित खोकल्यासारखं ‘हं’. शेवटचे अकरा भाग बाकी असताना काका गेले. संध्याकाळी रेकॉर्डिंग करून घरी गेले आणि रात्री गेले.

तिसऱ्या दिवशी भाग जायचा होता. वरून निरोप आला, ‘आवाज बदलला असं वाटता कामा नये.’ आम्ही एका तरुण कलाकाराला बोलावलं, जो नाट्यगृहाच्या विंगेत काकांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. त्याने संवाद म्हटले. छान म्हटले, पण काका नव्हते. मग मी रात्री बसलो. जुन्या भागांतून काकांची हसणी काढली, खोकले काढले, ‘हं’ काढले. बावीस की तेवीस वेगवेगळे ‘हं’ मिळाले. मुलाच्या प्रत्येक वाक्यामागे त्यांतला एकेक चिकटवत गेलो. त्याची पट्टी थोडी उतरवली, दोघांच्या मागची खोलीची शांतता एकसारखी केली. पहाटे चारला ऐकलं आणि अंगावर काटा आला. काका होते.

अकरा भाग गेले. कुणाही प्रेक्षकाचं पत्र आलं नाही. श्रेयनामावलीत काकांचं नाव तसंच राहिलं. त्या मुलाचं नाव कुठेच आलं नाही, त्याला रोख पाकीट मिळालं. काकांच्या घरी त्या भागांचा एक पैसा गेला नाही.

मग काकूंचा फोन आला. तक्रारीचा नव्हता. त्या म्हणाल्या, “अहो, एक विचारायचं होतं. हे गेल्यानंतरचे जे भाग लागतायत, ते यांनी आधी करून ठेवलेले का?” मी गप्प. त्यांनीच पुढे म्हटलं, “नाही, कारण ‘बाळा’ म्हणताना यांचा ‘ळ’ असा नव्हता. पण ‘हं’ यांचाच आहे. म्हणून मला काही कळेना.” मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. त्यांना खरं सांगायला मला दोन वर्षं लागली.

जॅक्सनची आई, भावंडं, मुलं यांतल्या काहींनी त्या गाण्यांवर हरकत घेतल्याचं वाचलं तेव्हा मला तो ‘ळ’ आठवला. लोक म्हणत होते की हे कुटुंब आणि मालमत्तेचा कारभार बघणारे यांच्यात आधीपासून वाद आहेत, म्हणून त्यांच्या बोलण्याला किंमत किती द्यायची. मुद्दा बरोबर आहे. घरच्यांचं म्हणणं म्हणजे निकाल नव्हे. पण त्यांना साधं विचारायलाही जिथे कोणी जात नाही, तिथे काहीतरी चिकटवलेलं असतं, एवढं मी स्वतःच्या हाताने शिकलोय.

५. ‘घटकाभर धरून चालू’ म्हणजे ‘कबूल’ नव्हे.

ऑगस्ट २०१८ मध्ये जगभर बातमी पसरली की एका चाहतीने लावलेल्या दाव्यात (तो पुढच्या मुद्द्यात) सोनीने गाणी खोटी असल्याचं कोर्टात मान्य केलं. भाच्याने मला रात्री साडेअकराला फोन करून “मामा, जिंकलो!” म्हणून आरोळी ठोकली. मीही सगळ्यांना कळवून टाकलं. प्रत्यक्षात वकिलांनी कोर्टात मांडणी केली होती ती अशी, की आवाज त्याचा नाही असं घटकाभर धरून चाललं तरी कायद्याने आम्ही दोषी ठरत नाही. कंपनीने लगेच खुलासा केला. आम्ही कळवलेल्यांपैकी निम्म्यांना तो खुलासा पाठवायचं राहून गेलं, ते अजून राहिलेलंच आहे.

६. चाहता विचारतो ‘कोण गायलं?’ आणि कोर्ट विचारतं ‘पाठीमागे काय छापलं?’

व्हेरा सेरोव्हा या कॅलिफोर्नियातल्या चाहतीने २०१४ साली ग्राहक म्हणून दावा लावला. म्हणणं साधं होतं, मी मायकलचा आवाज म्हणून पैसे दिले, मला तो मिळाला नाही. आपल्याकडे भेसळीच्या तुपाची तक्रार करावी तशी. मला वाटलं आता कोर्टात हेडफोन लावून निकाल लागेल. तसं काही झालं नाही. वर्षानुवर्षं भांडण चाललं ते सीडीच्या पाठीमागच्या मजकुरावर. त्यात म्हटलं होतं की यात मायकल जॅक्सनने गायलेली, आधी प्रसिद्ध न झालेली गाणी आहेत. हा मजकूर जाहिरात म्हणायचा की अभिप्राय? जाहिरात असेल तर खोटी जाहिरात म्हणून पकडता येते. अभिप्राय असेल तर तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या छत्राखाली जातो.

२०१८ मध्ये अपील न्यायालय कंपनीच्या बाजूने गेलं. कारण दिलं ते वाचून मी थक्क झालो होतो. त्याचा मथितार्थ असा, की गाणी गायली गेली तेव्हा कंपनी तिथे हजर नव्हती, खरं काय ते तिला स्वतःला ठाऊक नव्हतं, तेव्हा तिचं विधान वादाच्या विषयावरचं मत ठरतं. म्हणजे दुकानदाराने डबा उघडून बघितलाच नाही, म्हणून डब्यावरचं ‘शुद्ध’ हे त्याचं मत! ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. माल विकण्यासाठी मालाबद्दल केलेलं विधान ते व्यापारीच, माहिती नव्हती एवढ्यावरून त्याला संरक्षण मिळत नाही. तोवर दोन्ही बाजूंची तडजोड झाली होती, पण न्यायालयाने निकाल दिलाच.

आवाज कोणाचा, हे मात्र कोणत्याही कोर्टाने ठरवलं नाही. म्हणूनच चाहते ज्या दुसऱ्या गायकाचं नाव घेतात ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या बाजूने नकार दिला गेलेला आहे. शिवाय नक्कल करणारा गळा हा गुन्हा नव्हे. गणेशोत्सवात ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ म्हणून पाटी लावून गाणाऱ्यांच्या ऑर्केस्ट्रांवर मी वाढलोय. ती पाटी होती, म्हणून ते गाणं सचोटीचं होतं.

७. मूळ चिठ्ठी सोबत जोडली की निम्मी भांडणं मिटतात.

२०१४ साली त्याच कारभाऱ्यांनी ‘एक्स्केप’ काढला. आठ गाणी नव्या साजात, आणि महागड्या आवृत्तीत तीच आठ मूळ कच्च्या रूपात. त्यावरून ‘नवा साज भिकार आहे’ अशी भांडणं झाली, ‘गळा कोणाचा’ अशी झाली नाहीत. बीटल्सनी २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ काढलं तेव्हा जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटमधून त्याचा गळा यंत्राच्या मदतीने कसा वेगळा केला, ते आधीच सगळ्यांना सांगितलं. आपल्याकडे ए. आर. रहमानने २०२४ मध्ये ‘लाल सलाम’साठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने वापरले, तेव्हा घरच्यांची परवानगी आणि मोबदला दोन्ही जाहीर केलं. मला तो प्रकार आवडला का? नाही. मेलेल्या माणसाला न गायलेलं गाणं गायला लावणं मला अजून पचत नाही. पण फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा आवाज एका तेलुगू चित्रपटात विचारल्याशिवाय वापरल्याबद्दल त्यांच्या मुलाने नोटीस पाठवली. काम तेच, मधला फोन झाला नव्हता.

आणि आवाज अस्सल असला तरी कहाणी खोटी असू शकते. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘धिस इज इट’ हे गाणं नवीन म्हणून आलं. गळा शंभर टक्के मायकलचा, त्यावर कोणाचाही वाद नाही. दोन दिवसांत गायक-गीतकार पॉल अँका पुढे आला, म्हणाला, हे आम्ही दोघांनी १९८३ साली मिळून केलेलं आहे. त्याला निम्मा वाटा द्यावा लागला.

८. कपाट आवरू नये.

जुलै २०२२ मध्ये ती तिन्ही गाणी सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवरून उतरवली गेली. कंपनीने सांगितलं की याचा गाणी खरी-खोटी असण्याशी संबंध नाही, या चर्चेतून बाहेर पडायचा हा सोपा मार्ग आहे. भाचा तोवर पुण्यात नोकरीला लागला होता. त्याचा फोन आला, पण या वेळी आरोळी नव्हती. म्हणाला, “मामा, गाणी गेली. आता कोणाला ऐकवून सांगणार, की हे बघा, इथे शेळी ओरडते?”

मी उठून कपाट उघडलं. डिसेंबर २०१० मध्ये घेतलेली सीडी काकांच्या भागांच्या टेपशेजारी होती. काकांच्या टेपवर मी आता त्या मुलाचं नाव मार्करने लिहिलंय. सीडीवर काही लिहिलेलं नाही. तिच्या पाठीवर ते वाक्य जसं होतं तसं छापलेलं आहे आणि तिन्ही गाणी वाजतात.